अफवेला तोंड देताना

पांढरकवडा

चि. भाच्यास,

मुसलमानांविषयीचा ऑनलाइन द्वेष बहुधा एकाच रीतीने पसरतो: कुणा एकाचे कृत्य, खरे वा खोटे, साऱ्या समाजाच्या माथी मारले जाते. २०१४ मध्ये फेसबुकवर शिवाजी महाराज व बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फिरली. २ जूनला पुण्यात हडपसरला जमावाने एका मुस्लिम तरुणाचा जीव घेतला. चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. २०२० मध्ये तबलिगी जमातच्या दिल्लीतील मेळाव्यावरून करोनाचा ठपका सरसकट मुसलमानांवर आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मेळाव्याला आलेल्या २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे २१ ऑगस्टला रद्द केले, तोवर अफवेने आपले काम केले होते.

म्हणून मजकूर पुढे पाठवण्याआधीच पारखावा. गूगल लेन्सवर छायाचित्र टाकल्यास ते पूर्वी कुठे आले होते याचा माग लागू शकतो. व्हिडिओ पांढरकवड्याचा म्हणून आला, तर दुकानांच्या पाट्या आणि रस्ता ओळखीचा आहे का, हे पाहावे. वाहनांवरील आपल्या जिल्ह्याच्या ‘एमएच २९’ क्रमांकावर मात्र भिस्त ठेवू नये. नागपूर-हैदराबाद महामार्गामुळे बाहेरची वाहने इथे रोजचीच.

अफवा खोडून काढताना आधी खरी माहिती द्यावी. खोटे चित्र पुन्हा टाकू नये. पाठवणारा ओळखीचा असल्यास चारचौघांत न सुनावता त्याला फोन करावा. मजकूर चिथावणीचा असल्यास लिंक, खात्याचे नाव, तारीख व वेळेसह स्क्रीनशॉट ठेवून पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. धर्मावरून वैर पसरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे. मात्र खातेदाराचा पत्ता कधीही फिरवू नये. त्यातून दुसरा जमाव तयार होतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातील मुस्लिमविरोधी हिंसाचारावरून अमरावतीत मोर्चा निघाला, दगडफेक झाली, दुसऱ्या दिवशीच्या बंदमध्ये जाळपोळ झाली. मग संचारबंदी लागली, इंटरनेटही बंद झाले. अशा वेळी उपयोगी पडतात ती आधी जोडलेली माणसे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी दोन्ही समाजांतील सामान्य रहिवासी व पोलीस यांच्या मोहल्ला समित्या उभ्या केल्या. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, तरी भिवंडी शांत राहिली. मशिदीचे विश्वस्त, गणेश मंडळांचे कार्यकर्ते, शिक्षक आणि ठाणेदार यांचे क्रमांक सणांपूर्वीच एकमेकांकडे असावेत, आणि अफवा येताच पहिला फोन त्यांनाच जावा.

तुझा मामा