सदिच्छा कीं वचनचिठ्ठी?

अभ्यासाचा भाग : योहानाचें तिसरें पत्र, ओव्या १ ते ८



दूरचित्रवाणीवरील कांहीं उपदेशक असें शिकवितात कीं, जो विश्वास ठेवितो त्याला पैसा व आरोग्य हीं मिळालींच पाहिजेत; तीं न मिळालीं तर उणीव त्याच्या विश्वासाची. ही शिकवण मुख्यत्वेंकरून अमेरिकेंत वाढली. तिच्या आधारास जी ओवी वारंवार घेण्यांत येते, ती आज आपण तपासूं.

ओक्लाहोमा राज्यांतील ओरल रॉबर्ट्स हे ह्या मताच्या प्रमुख प्रवर्तकांपैकीं एक होते. १९४७ सालीं ह्या पत्राच्या दुसऱ्या ओवीनें आपले डोळे उघडले, असें ते सांगत. पुढें ते दूरचित्रवाणीवर प्रसिद्धीस आले. दान हें बीं आहे, तें पेरा म्हणजे देव त्याचें पीक देईल, असें ते शिकवीत. १९८७ च्या जानेवारींत त्यांनीं जाहीर केलें कीं, मार्चअखेर ८० लक्ष डॉलर न जमल्यास देव आपणांस ह्या जगांतून नेईल.

आतां ती ओवी पाहा. योहान आपला प्रिय मित्र गायस ह्याला लिहितो कीं, तुझा जीव जसा कुशल आहे, तसाच तूं सर्व बाबतींत कुशल असावास व तुझी प्रकृति चांगली राहावी. ‘कुशल असणें’ ह्या अर्थीं जो ग्रीक शब्द येथें आहे, त्याचा धात्वर्थ ‘वाट चांगली होणें’ असा आहे. त्यांत धनाचा उल्लेख नाहीं. गॉर्डन फी हे स्वतः पेंटेकॉस्टल पंथाचे शास्त्राभ्यासक. त्यांनीं दाखवून दिलें कीं, त्या काळच्या पत्रांत आरंभीं अशी सदिच्छा लिहिण्याची रीतच होती. आपणही ‘सप्रेम सलाम’ लिहून पुढें ‘आपण सर्व मंडळी खुशाल असाल अशी आशा आहे’ असें लिहितों. तेवढ्यावरून कोणी आपणांवर आरोग्य देण्याचा दावा लावील काय? सदिच्छा ही वचनचिठ्ठी नव्हे.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्या. गायसाचा जीव कुशल आहे हें योहानाला कशावरून कळलें? तिसरी ओवी सांगते कीं, बंधुजनांनीं येऊन त्याच्या सत्यनिष्ठेविषयीं साक्ष दिली. योहानानें त्याची प्रकृति किंवा त्याची मिळकत पाहून त्याचा विश्वास मापला नाहीं.

पांचव्या ओवीपासून पुढें वाचा. प्रभूच्या नामासाठीं निघालेले प्रवासी उपदेशक परराष्ट्रीयांपासून कांहींच घेत नसत. गायसानें त्यांस आश्रय दिला. अशांस साहाय्य करणें हें आपलें कर्तव्यच आहे, असें आठवी ओवी सांगते. तेव्हां मंडळीनें आपल्या प्रचारकाचा योगक्षेम चालविणें योग्यच होय. परंतु दुसरी ओवी दाखवून लक्षावधि डॉलर मागणाऱ्यांनीं सातवी ओवीही वाचावी.

ह्या शिकवणीची खरी इजा गरिबांस व दुखणाइतांस होते. ज्या मातेचें लेकरूं गेलें, तिला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असें सांगणें म्हणजे तिच्या दुःखावर अपराधाचें ओझें लादणें होय. पौलानें त्रफिम ह्याला मिलेतांत आजारी असतां मागें ठेविलें (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याला वारंवार दुखणीं येत, म्हणून त्याला थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला (१ तीमथ्य ५:२३). ह्या दोघांपैकीं कोणालाही त्यानें अविश्वासी म्हटलें नाहीं.

दूरचित्रवाणीवरील दुसरे प्रख्यात उपदेशक जिम बेकर हे १९८९ सालीं देणगीदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरले. तुरुंगांतून सुटल्यावर, १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत त्यांनीं कबूल केलें कीं, संपन्नतेविषयींची आपली शिकवण चुकीची होती.

तर मग आपण देवाजवळ भाकर व आरोग्य मागूं नये काय? अवश्य मागावें, योहानानेंही गायसासाठीं मागितलें. पण मागणें हें लेंकरांचें काम आहे, सावकाराचें नव्हे. दान द्यावें तें उपकारस्तुति म्हणून द्यावें, व्याजाच्या आशेनें नव्हे. आणि आजाऱ्याच्या घरीं जावें तें त्याचा विश्वास तपासण्यासाठीं नव्हे, तर त्याची सेवा करण्यासाठीं.

विचारार्थ प्रश्न

१. गायसाचा जीव कुशल असल्याची खूण कोणती?
२. मार्क १०:२९, ३० ह्यांत शंभरपटीबरोबर आणखी काय मिळेल असें प्रभूनें सांगितलें?
३. आपल्या मंडळींतील कोणत्या दुखणाइताची भेट ह्या आठवड्यांत घ्यावयाची राहिली आहे?