आधी विहिरीत डोकवा

मे महिन्यात तुरीची डाळ चार शिट्ट्या होऊनही दाणा दाणा राहायला लागली, की आमच्या अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातल्या बायका वाण्याला बोल लावत नाहीत. विहीर मचूळ झाली, एवढंच म्हणतात. मग साबणाला फेस येईनासा होतो, चहाची चव जाते आणि वाडीत सुपारीच्या पानांची टोकं करपू लागतात. माड बराच सोसतो, सुपारीला खारं सोसत नाही.

इकडे नव्याने घर बांधणारे, आणि हल्ली गावातली तरुण जोडपीसुद्धा, मला विचारतात, "ताई, घर पर्यावरणपूरक करायचं तर सुरुवात कुठून करू?" त्यांच्या हातात यादी तयार असते: बांबूचे ब्रश, ज्यूटच्या पिशव्या, छपरावर सोलर. (ज्यूटच्या पिशव्या एकेका घरात डझनाने पडलेल्या मी पाहिल्यात. पिशवी एकच असावी आणि ती फाटेपर्यंत वापरावी.) मी म्हणते, यादी ठेवा बाजूला, आधी विहिरीत डोकवा.

किनाऱ्यालगतच्या पुळणीत गोडं पाणी जमिनीखाली शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ते हलकं, म्हणून वर. ढोबळ हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल तर तिच्याखाली सुमारे ४० मीटर गोड्या पाण्याचा साठा असतो. याची दुसरी बाजू भीतीदायक आहे. उपशाने वरची पातळी अर्धा मीटर उतरून तशीच राहिली, तर खालचं खारं हळूहळू २० मीटर वर सरकतं. सासऱ्यांच्या काळी रहाट होता. बैल दमला की शिपणं थांबे आणि तेवढ्यात विहिरीत पाझर भरून येई. पंप दमत नाही. आजूबाजूला कॉटेजं झाली, बोअर पडल्या, एक-दोन पोहण्याचे तलावही आले आणि आमची विहीर फेब्रुवारीपासूनच बदलू लागली.

मग घरोघरी आरओ यंत्रं आली. आमच्याकडेही आलं. हे यंत्र एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतं आणि टाकलेल्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ती नळी आमच्या मागच्या केळीच्या आळ्यात सोडलेली होती, कारण मोरीचं पाणी केळीला आणि अळूला ही इथली जुनीच रीत. दोन महिन्यांत पानांच्या कडा जाळल्यासारख्या तपकिरी झाल्या. तेव्हा आरओने टाकलेलं पाणी संडासाला, फरशी पुसायला वापरा, झाडाला कधीही नको. मोरीचं पाणी मात्र खुशाल द्या, फक्त कपड्यांची पावडर निम्मी करा, तिच्यातही सोड्याचे क्षार असतात. आणि यंत्र घेण्याआधी टीडीएस मीटर घ्या, तो काही शे रुपयांत मिळतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. मे महिन्यातला आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. पावसाळ्यातला आकडा फसवा असतो.

पाऊस साठवण्याचंही असंच. १०० चौरस मीटर छपरावर २००० मिलिमीटर पाऊस पडला, तर २ लाख लिटर पाणी होतं. ऐकायला छान वाटतं. पण जुलैत जमीन आधीच तुडुंब असते, तेव्हा विहिरीत सोडलेलं पाणी पुन्हा समुद्रालाच मिळतं. उपयोगी पडतो तो हस्ताचा, परतीचा पाऊस. तो वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून विहिरीत घ्या. पहिल्या सरी वाहून जाऊ द्या, कारण पत्र्यावर पक्ष्यांची घाण असते आणि उन्हाळी वाऱ्याने आलेला खारही. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवू नका. झावळ्या जाळू नका. माडाच्या आळ्यात नारळाची सोडणं उताणी पुरा, म्हणजे ती ओल धरून ठेवतात आणि शिपणं वाचतं. शोषखड्डा विहिरीपासून निदान पंधरा-वीस मीटर लांब घ्या. पुळणीत घाण फार सहज झिरपते.

सोलरबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथे माणसं फसतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं. माड-पोफळी आडव्या झाल्या आणि कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. विहिरी भरलेल्या, पण पंप बंद आणि रहाट कधीच मोडीत गेलेले. आता पंतप्रधान सूर्य घर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, ते जरूर घ्या. मात्र लाइनला जोडलेलं साधं सोलर, लाइन गेली की सुरक्षेसाठी आपोआप बंद होतं. वादळानंतर पाणी हवं असेल, तर बॅटरीची सोय विचारून घ्या. खाऱ्या हवेत लोखंडी सांगाडा चार पावसाळे टिकत नाही, म्हणून जस्ताचा जाड मुलामा दिलेला किंवा ॲल्युमिनियमचा मागा, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. आणि विहिरीवर कप्पी, दोर, पोहरा असू द्या. माझ्या मुलांना पोहरा बुडवता येत नव्हता. तो पाण्यावर आडवा तरंगत राहायचा. शेवटी माझ्या जावेने मनगटाला झटका कसा द्यायचा ते शिकवलं.

हे सगळं एका घराने करून भागत नाही, कारण खालचं पाणी कुंपण ओळखत नाही. कायद्याची मदत होईल असं वाटलं होतं. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत, पण किनाऱ्यालगतच्या वाडीत त्याच्या बरंच आधी खारं लागतं. म्हणून आमच्या आळीने आपसात ठरवलंय: एप्रिल-मेमध्ये पंप सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर, मधल्या वेळी विहिरीला विसावा. कॉटेजवाल्यांपैकी दोघांनी मान्य केलं. तिसरे म्हणतात, पाहुण्यांना काय सांगू? त्यांना मी माझा टीडीएस मीटर देऊन आलेय.