‘सेट’चे अर्थ पाठ करू नकोस

मने, कालचं मनावर घेऊ नकोस. ‘क्वॉश्ड अँड सेट असाइड’ वाचलंस आणि पक्षकाराला सांगून मोकळी झालीस, की हुकूम तूर्त बाजूला ठेवलाय. अगं, तो रद्द झालाय! पैसे सेट असाइड केले तर ते बाजूला काढलेले असतात; कोर्टाने आदेश सेट असाइड केला की तो संपला. सीनियर चिडणारच.

पण म्हणून शब्दकोश घेऊन घोकत बसलीस, हे काही मला पटलं नाही. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद याच शब्दाची आहे. क्रियापदाचे अर्थच ४३०च्या घरात! कुठवर घोकशील?

त्यापेक्षा मुळाशी जा. ‘सिट’ म्हणजे बसणं, ‘सेट’ म्हणजे बसवणं. त्यांचं नातं आपल्या बसणं-बसवणंसारखंच. सोनार खडा बसवतो, डॉक्टर हाड बसवतात, इंग्रज दोन्हीकडे सेटच म्हणतो. तारीख मुक्रर करणं, गजर लावणं, सापळा लावणं, हेही त्याच वळणाचं: एखादी गोष्ट तिच्या जागी पक्की करायची. सिमेंट सेट होतं म्हणजे तरी काय, बसतं आणि मग हलत नाही. कपबशांचा सेट मात्र यात कोंबू नकोस. ते नाम बरंचसं फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आलंय, पंथ या अर्थाचा ‘सेक्ट’ त्याच्या नात्यातला. आडनाव एक म्हणून भाऊबंद ठरत नाहीत.

खरी फसगत होते ती मागून चिकटणाऱ्या चिमुकल्या शब्दांनी. मीटिंग सेट अप केली तर ठरवली. पण आरोपी म्हणाला ‘आय वॉज सेट अप’, तर त्याला मुद्दाम गोवलंय असं तो सांगतोय. आणि ‘सेट ऑफ’? एरवी प्रवासाला निघणं, फटाका उडवणं. तुमच्या दिवाणी दाव्यात, आदेश ८ नियम ६ काढून बघ, वादीच्या मागणीतून त्याच्याकडून आपलं येणं वजा करून मागणं. फौजदारीत तर खटल्याआधी नि खटला चालू असताना तुरुंगात काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, तोही सेट ऑफच. हा आधी पक्का कर. ‘पोरगा कधी सुटणार?’ असं एखादी आई कोर्टाच्या व्हरांड्यात विचारते, तेव्हा सीनियर हमखास आत युक्तिवाद करत असतात.