लालबुड्या बुलबुल

भारतात हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिण टोकापर्यंत, गावोगावच्या बागांतून आणि झुडपी रानांतून आढळणारा हा पक्षी बहुतेकांच्या परिचयाचा असतो. आकाराने तो मैनेहून किंचित लहान, सुमारे २० सेंटिमीटर लांबीचा असतो. डोके काळे असून त्यावर आखूड, बोथट तुरा असतो. धुरकट तपकिरी अंगावर खवल्यांसारखी नक्षी दिसते. शेपटीच्या बुडाखाली गर्द लाल रंगाचा ठिपका असतो. त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. तो उडून जाताना पाठीमागचा पांढरा कंबरपट्टा आणि शेपटीचे पांढरे टोक स्पष्ट दिसते. नर व मादी दिसायला सारखेच असतात.

याचाच भाऊबंद शिपाई बुलबुल. त्याच्याही शेपटीखाली लाल रंग असल्यामुळे नवशिक्या निरीक्षकाचा गोंधळ उडतो. परंतु शिपाई बुलबुलाचा तुरा उंच व टोकदार असतो, गाल आणि पोट पांढरे असते व डोळ्यामागे लाल केसांचा झुपका असतो. पिलांना हा झुपका नसतो; मात्र उडताना कंबर पांढरी दिसली नाही, तर तो शिपाई बुलबुल समजावा.

फारसी व उर्दू काव्यातील बुलबुल तो हा नव्हे. तो नाइटिंगेल होय. आपला बुलबुल मोठा गायक नाही, पण त्याचे दोन-तीन सुरांचे बोल आनंदी वाटतात. त्याच्या शास्त्रीय नावातही एक गंमत आहे. लिनियसने १७६६ मध्ये त्याला 'कॅफर' हे जातिनाम दिले, ते तो दक्षिण आफ्रिकेतील पक्षी आहे अशा समजुतीने. वस्तुतः तेथे तो मूळचा नाहीच.

वड, पिंपळ, उंबर यांची फळे आणि झुडपांवरची बारीक फळे हे बुलबुलाचे मुख्य खाद्य. शिवाय तो किडे खातो, फुलांतील मध चाखतो आणि प्रसंगी वाटाण्याच्या शेंगाही फोडतो. फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंत विणीचा हंगाम चालतो. बारीक मुळ्या व काड्या यांची वाटीसारखी घरटी तो झुडपात, फारशा उंचीवर नसलेल्या फांदीवर बांधतो. अंडी दोन किंवा तीन, गुलाबीसर पांढरी व तांबूस ठिपक्यांची असतात. पिलांना आईबाप दोघेही भरवतात. कावळे, भारद्वाज व मांजरे यांच्यामुळे पुष्कळशी घरटी वाया जातात.

फळांचा गर बुलबुलाच्या पोटात पचतो, पण बी बहुधा शाबूत राहून विष्ठेबरोबर बाहेर पडते. अशा रीतीने तो चंदनाचे बी दूरवर नेतो. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी शोभेचे झुडूप म्हणून भारतात आणलेल्या घाणेरीचेही बी तो तितक्याच आवडीने पसरवतो. आज घाणेरीने अनेक जंगलांत देशी गवताची व रोपांची जागा व्यापली आहे. चांगले बी कोणते व वाईट कोणते, हे पक्ष्याला ठाऊक नसते. कोणते झाड कोठे लावावे, हा निर्णय माणसाचा असतो.

पक्ष्याला त्याच्या मूळ प्रदेशाबाहेर नेले, तर काय घडते हेही बुलबुलावरून कळते. विसाव्या शतकात माणसांबरोबर तो फिजी, ताहिती, हवाई या बेटांवर पोहोचला. तेथे त्याने फळबागांचे नुकसान केले आणि उपद्रवी झाडांचे बी पसरवले. परिणामी २००० साली प्रसिद्ध झालेल्या, जगातील शंभर अतिशय उपद्रवी परकीय जीवजातींच्या यादीत त्याचे नाव आले. भारतात मात्र हाच पक्षी निसर्गाच्या व्यवहाराचा एक भाग आहे. येथे पूर्वी त्याला झुंजीसाठी व पिंजऱ्यासाठी पकडत असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे.

वाचकांनी एक साधे निरीक्षण करून पाहावे. ज्या कुंपणावर किंवा तारेवर बुलबुल नेहमी बसतात, त्याखालची जमीन पावसाळ्यानंतर तपासावी. तेथे कोणी न लावलेली रोपे उगवलेली दिसतील. त्यांतील काही ओळखता आली, तर बुलबुल त्या परिसरात काय खातो हे ध्यानात येईल.