आकाशातील वणवा

१८८३ सालच्या नोव्हेंबर महिन्याचे अखेरचे दिवस होते. अमेरिकेतील पोकीप्सी या गावी सूर्य अस्तास गेला, तरी पश्चिम दिशा काळवंडेना. उलट ती अधिकाधिक लाल होत चालली. कोठे तरी मोठी आग लागली असावी, असे लोकांस वाटले. आगीचे बंब धावले खरे. पण विझवावयाची आग कोठेच नव्हती. न्यू हेवन शहरातही तसेच घडले.

या लालीचे मूळ हजारो कोस दूर, जावा व सुमात्रा या बेटांमधील सुंदा सामुद्रधुनीत होते. तेथील क्राकातोआ हे ज्वालामुखी बेट मे महिन्यापासून धुमसत होते. २७ ऑगस्ट रोजी सकाळी त्याचा असा स्फोट झाला की, बेटाचा बहुतेक भाग नाहीसा झाला. त्याचा आवाज सुमारे ४,८०० किलोमीटरांवरील रॉड्रिग्ज बेटावर ऐकू गेला. तेथे तो दूरच्या तोफांचा वाटला. उसळलेल्या लाटांनी किनाऱ्यावरील गावेच्या गावे धुऊन नेली आणि ३६,००० हून अधिक माणसे प्राणास मुकली. पुढे जगाने ज्या रंगांचे कौतुक केले, त्यांच्यामागे हा हाहाकार होता.

स्फोटाबरोबर राख व गंधकयुक्त वायू फार उंच गेले. जड राख लवकरच खाली बसली; परंतु वायूंपासून गंधकाम्लाचे अतिसूक्ष्म थेंब बनले. त्यांचा थर पावसाच्या ढगांच्याही वर होता. मग त्याला धुऊन काढणार कोण? वाऱ्यावर वाहत त्याने सुमारे दोन आठवड्यांत विषुववृत्ताजवळून पृथ्वीप्रदक्षिणा केली व नंतर तो उत्तरेस आणि दक्षिणेस पसरला.

मावळत्या सूर्याच्या किरणांना हवेतून फार लांबचा प्रवास करावा लागतो. वाटेत निळा प्रकाश इतस्ततः विखुरतो व तांबडा तेवढा पुढे येतो. दरीत अंधार पडला तरी शिखरावर ऊन रेंगाळते, हे डोंगराळ मुलखातील मुलांनी पाहिलेच असेल. त्याचप्रमाणे जमिनीवर सूर्य दिसेनासा झाल्यावरही त्या उंच थरावर तांबडा प्रकाश पडत राही आणि सारे आकाश पेटल्यासारखे दिसे.

मद्रास व सिलोन येथे तर सप्टेंबरातच आणखी एक नवल घडले होते: सूर्यच हिरवट-निळा दिसला! कण एका विशिष्ट आकाराचे असले, म्हणजे ते निळ्यापेक्षा तांबडा प्रकाशच अधिक विखुरतात. डोळ्यांपर्यंत पोचतो तो उरलेला.

लंडन शहरात थेम्स नदीच्या काठी विल्यम ॲस्क्रॉफ्ट नावाचा चित्रकार राहत असे. रंगीत छायाचित्रे काढण्याची सोय तेव्हा सामान्यांस नव्हती. तो रंगीत खडू घेई आणि आकाशाचा रंग पालटेल तसतसे भराभर चित्रामागून चित्र रेखाटी. अशी ५०० हून अधिक चित्रे त्याने काढली. देशोदेशींच्या नोंदी एकत्र करून या सायंकाळींचा संबंध क्राकातोआशी जोडणारा अहवाल रॉयल सोसायटीने १८८८ साली प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या आरंभी ॲस्क्रॉफ्टची काही चित्रे छापली होती.