जादा राबणारा कारागीर आणि मनातली खातेवही

रमजानचा शेवटचा आठवडा म्हणजे शिलाईच्या दुकानांचा हंगाम. कारागीर सेहरीपर्यंत मशीनवर असतो. नवख्या पोराने बिघडवलेली कॉलर उसवून नीट करून देतो, चांदरातीला गिऱ्हाइकाच्या घरी कपडे पोचवतो. ईदनंतर मात्र तोच कारागीर अकरा वाजता येऊ लागतो, उरलेला कपडा परस्पर नेतो, पोरांवर डाफरतो. असे मालक आम्हाला भेटतात, आणि बहुतेकांचे म्हणणे एकच, "माणूस फिरला."

आमच्या मते माणूस फिरलेला नसतो. त्याच्या मनात एक खातेवही असते आणि मालकाने ती कधी पाहिलेली नसते.

नेमून दिलेल्या कामापलीकडे केलेल्या अशा कामाचा ऊहापोह अमेरिकेतील अभ्यासक डेनिस ऑर्गन यांनी १९८८ साली एका पुस्तकात केला. अशा माणसाला त्यांनी 'भला शिपाई' म्हटले. जादा करणारा माणूस गैरवर्तन करणार नाही, असा साधारण समज असतो. रिशाद दलाल यांनी २००५ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला, तेव्हा या समजात तथ्य दिसले, पण बेताचेच. म्हणजे एकाच माणसाच्या ठायी दोन्ही गोष्टी नांदू शकतात.

त्या कशा नांदतात हे २०१७ मध्ये काय ची याम, अँथनी क्लॉट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. माणसाने जादा काम आपखुशीने न करता दडपणाखाली केले, तर आपले काही येणे झाले असे त्याला वाटू लागते. मग ते येणे तो आपल्या हाताने वसूल करतो, धंद्याकडूनही आणि सोबत्यांकडूनही.

यात चोरीचे समर्थन नाही. न विचारता कपडा नेणे ही चोरीच. पण मालकाने स्वतःला विचारावे की, "थांबशील का?" असे आपण म्हणालो होतो, की "आज थांबायचंय" असे? नाही म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोणते काम दिले? आमच्या पाहण्यात "तू तर घरचाच आहेस" हे वाक्य सर्वांत महाग पडते, कारण त्यात मजुरी बोललेली नसते.

रात्रीच्या नगाचा दर हंगामापूर्वीच बोलून वहीत लिहावा. दर वेळी त्याच भल्या माणसाला धरू नये, पाळी लावावी. किती मीटर दिला, किती नग झाले, किती उरला, हा हिशेब लाडक्या कारागिराचाही ठेवावा; त्याला मिळालेली सूट पोरे बघत असतात. ईदनंतर दोन दिवस सुट्टी जरूर द्यावी, पण मजुरीच्या बदल्यात नको. मजुरी चांदरातीच्या आधीच चुकती व्हावी, कारण त्यालाही घरी मुलांचे कपडे न्यायचे असतात.