किरणोत्सारी कचरा : तारापूरची व्यवस्था आणि शेजारची गावे

मंचर परिसरातील शेतकऱ्यास डिंभे धरणाचे महत्त्व सांगावयास नको. घोड नदी अडविली गेली आणि खालच्या भागातील शिवारे बागायती झाली. परंतु ज्या गावावरून तालुक्यास आंबेगाव हे नाव मिळाले, ते गावच जलाशयाखाली गेले. लाभ एकाला आणि भार दुसऱ्याला, हा हिशेब येथे सर्वांच्या परिचयाचा आहे. विजेचाही असाच एक हिशेब आहे. मंचरच्या विहिरीवरील पंपास मिळणारी वीज सामाईक जाळ्यातून येते, आणि १९६९ साली सुरू झालेले तारापूरचे अणुवीज केंद्र त्याच जाळ्यास जोडलेले आहे. कोळशाच्या केंद्रात राख उरते, तसा येथे किरणोत्सारी कचरा उरतो. त्याचे पुढे काय होते, हे वीज वापरणाऱ्याने जाणून घेणे अगत्याचे आहे.

हा कचरा जाळून वा धुऊन निष्प्रभ होत नाही. त्याची शक्ती काळानेच ओसरते. एखाद्या द्रव्याची किरणोत्सारिता निम्मी होण्यास जो काळ लागतो, त्यास अर्धायुकाल म्हणतात. आयोडीन-१३१ चा तो ८ दिवसांचा, सीझियम-१३७ चा सुमारे ३० वर्षांचा, तर प्लुटोनियम-२३९ चा सुमारे २४,००० वर्षांचा आहे. दहा अर्धायुकाल लोटले म्हणजे मूळ शक्तीचा सुमारे हजारावा हिस्सा राहतो. म्हणजे सीझियमला ३०० वर्षे सांभाळावे लागते. शिवनेरीवर शिवजन्म झाला त्यास चारशे वर्षे होत आली; एवढ्या कालावधीची कल्पना आपण करू शकतो. प्लुटोनियमची गोष्ट निराळी. नाणेघाटातील शिलालेख सुमारे दोन हजार वर्षांचे आहेत, आणि मधल्या काळात ती ब्राह्मी अक्षरे वाचणारेही कोणी उरले नव्हते. एकोणिसाव्या शतकात ती लिपी नव्याने उलगडावी लागली. धोक्याची पाटी लिहून ठेवली तरी ती वाचणार कोण, हा प्रश्न म्हणूनच केवळ कल्पनेतला नाही.

तारापूर येथे कचऱ्याची प्रतवारी करण्यात येते. हातमोजे, कापड, कागद असा सौम्य कचरा दाबून किंवा जाळून त्याचे आकारमान कमी करतात, आणि तो केंद्राच्या आवारातच काँक्रीटच्या बंदिस्त चरांत पुरतात. भोवताली विंधन छिद्रे घेऊन भूजल तपासले जाते. सौम्य द्रव कचरा प्रक्रिया करून, पुरेसे पाणी मिसळून, ठरविलेल्या मर्यादेत समुद्रात सोडतात.

खरी कसोटी तीव्र कचऱ्याची. वापरलेल्या इंधनातून युरेनियम व प्लुटोनियम पुन्हा उपयोगासाठी वेगळे काढल्यावर जो द्रव उरतो, त्यात बहुतेक सर्व किरणोत्सारिता एकवटलेली असते. शिवाय दीर्घायुषी द्रव्यांचा थोडा अंशही राहतो. द्रव गळू शकतो, म्हणून तो बोरोसिलिकेट काचेच्या घटकांबरोबर भट्टीत वितळवितात. काच पाण्यात सहजासहजी विरघळत नाही व तिच्या घडणीत ही द्रव्ये बांधली जातात. तो रस न गंजणाऱ्या पोलादाच्या डब्यांत ओतून डबे बंद करतात. देशातील असा पहिला प्रकल्प १९८० च्या दशकात तारापूर येथेच उभारण्यात आला. या डब्यांतून उष्णता निघत राहते. म्हणून हवा खेळती राहील अशा जाड भिंतींच्या कोठारात ते काही दशके निरीक्षणाखाली ठेवावयाचे असतात.

त्यानंतर खोल खडकात कायमची साठवण, असा जगभरचा विचार आहे. फिनलंडने त्यासाठी ४०० मीटरहून अधिक खोलीवर बोगदे खोदले आहेत. भारतात अशी जागा अद्याप निश्चित झालेली नाही. तोवर तारापूरच्या शेजाऱ्यांस या कोठाराचा शेजार आहेच.

त्या शेजाऱ्यांनी आधीच बरेच सोसले आहे. तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे हलविण्यात आली. समुद्रावर पोट असलेल्या माणसास किनाऱ्यापासून दूर घर दिले, तरी त्याचा धंदा त्या घरात मावत नाही. पुनर्वसनाची गाऱ्हाणी उच्च न्यायालयापर्यंत गेली. हे स्थलांतर अणुभट्ट्यांसाठी झाले, कचऱ्यामुळे नव्हे. पण ज्याचे गाव गेले त्याने पुढील प्रत्येक आश्वासनाकडे साशंकतेने पाहिले, तर त्यास दोष देता येणार नाही.

परिसरातील पाणी, दूध, भाजीपाला व मासळी यांचे नमुने केंद्राजवळील पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा नियमितपणे तपासते. सर्वसामान्य नागरिकासाठी मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्टची आहे, आणि १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ तिच्या पालनावर लक्ष ठेवते. ही मोजमापे इंग्रजी अहवालात असून भागणार नाही. मासळीचा नमुना ज्या बंदरातून नेला, तेथील ग्रामपंचायतीच्या फलकावर त्याचा निष्कर्ष मराठीत, तारखेसह लागावयास हवा. आणि सोबत मर्यादेचा आकडाही, म्हणजे कोळीणबाईला दोन्ही आकडे स्वतः ताडून पाहता येतील.